पाटणच्या मैदानावरचा जपानी

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या मित्रांत सर्वांत शिस्तीचा आणि क्रिकेटच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी माणूस म्हणजे आमचा जपानी शेजारी. कोयनानगरला यंत्रं बसवायला आलेला हा गृहस्थ त्याआधी जपानात पाच हंगाम धंदेवाईक बेसबॉल खेळला होता. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ. त्यात मैदानाच्या पार टोकाला उभं राहून उंच चेंडू झेलायचे आणि तिथूनच थेट फेकायचे, हे याचं काम. पुढे खांदा गेला. संघाने एका संध्याकाळी "उद्यापासून येऊ नका" म्हटलं आणि हा मागच्या दाराने घरी गेला. खांद्यापेक्षा त्याला हेच जास्त दुखायचं, की निरोपाचा सामना काही मिळाला नाही. हे त्याने मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तेही आपल्या भल्यामोठ्या चामडी हातमोज्याला आमचं शेंगदाण्याचं तेल चोळता चोळता. तो मोजा दोरीवर वाळत घातलेला पाहून आमची कामवाली दचकलीच. "आवं वैनी, ह्यो कुठल्या जनावराचा पंजा म्हनायचा?"

पाटणविरुद्धच्या सामन्यात आजोबांनी त्याला संघात घेतलं, कारण अकरावा माणूस तापाने आडवा होता. फलंदाजीला गेल्यावर याने पहिलाच चेंडू टोलवला आणि जुन्या सवयीने, बेसबॉलमध्ये पळतात तशी, बॅट फेकून देऊन उजवीकडच्या चिंचेच्या दिशेने धूम ठोकली. "आरं गड्या, सायेब घरला निघालं!" पाटणकर ओरडले, आणि त्यांनी सावकाश येऊन यष्ट्या पाडल्या. आजोबांनी कपाळाला हात लावला.

क्षेत्ररक्षणात तो टोकाला उभा राही आणि खांदा जपण्यासाठी चेंडू नुसता घरंगळत पाठवी. शेवटच्या चेंडूवर पाटणला बरोबरीसाठी दोन धावा हव्या होत्या. सुटीवर आलेल्या एका धिप्पाड जवानाने चेंडू नेमका त्याच्याकडे मारला. एक धाव झाली. "पळ रं, ह्यो फेकत न्हाई!" त्याचा जोडीदार ओरडला. जवान दुसऱ्या धावेला वळला. जपान्याचा हात क्षणभर खांद्याकडे गेला. मग काय झालं ते मला नीट दिसलंच नाही. जोंधळ्यावरून गोफणीचा दगड जावा तसा चेंडू गेला आणि मधली यष्टी उडाली. एका धावेने आम्ही जिंकलो!

दोन्ही गावांनी त्याला उचलून घेतलं. जवान म्हणाला, "सायेब, आसला हात आमच्या पलटनीत बी न्हाई." पण जपान्याने स्वतःला खाली उतरवायला लावलं. दुखरा हात पोटाशी धरून तो एकटाच पुन्हा टोकाला चालत गेला, टोपी काढली आणि रिकाम्या मैदानापुढे कमरेत वाकून उभा राहिला.

"त्येंचं काय हरवलं म्हनायचं, वैनी?" जवानाने विचारलं.

मी सांगितलं, "काही नाही. त्यांच्याकडे खेळ सोडणारा माणूस असा निरोप घेतो. त्यांचा राहिला होता."

जवानाने आपली टोपी काढली. मग इतरांनीही काढल्या. तो परत येईपर्यंत पाटणचा एकही माणूस जागचा हलला नाही.