नव्या इंजिनाला भंडारा

चहा आला ना सगळ्यांच्या हातात? मग आधी घोट गिळून घ्या. मी माझीच फजिती सांगणार आहे, आणि मागच्या खेपेला ऐकताना शेजारच्या नानांच्या नाकातून चहा माझ्या धोतरावर आला होता. घरात धोतर धुवायला आमची मंडळी एकटीच असते, तिचाही विचार करायला हवा.

तर माझ्याकडं एक जुनी लहान गाडी आहे. माझा मुलगा दत्ता, त्यानं नवी मोठी गाडी घेतली तेव्हा ही मला दिली. शाळेची पायरी मी चढलो नाही, पण गाडी बरी हाकतो. हाकतोच म्हणायचं, कारण माझा जन्म गेला बैलगाड्याच्या शर्यतीत. आता शेतं गेली, आमच्या महाळुंग्याच्या चारी अंगांना कंपन्या उठल्या, बैल गेले. हात शिवशिवतात, म्हणून गाडी.

गावामागं खंडोबाची टेकडी आहे. रस्ता असा उभा की बसल्या बसल्या आभाळच दिसतं. गेल्या वर्षी व्याही आणि विहीणबाई तळेगावाहून दर्शनाला आले. दत्ताचे सासू-सासरे. आम्ही चौघं माझ्या गाडीतून निघालो. अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली. सगळे उतरले. विहीणबाईंनी पैठणी खोचून मागून रेटा दिला. व्याही पुढं होऊन म्हणाले, "आप्पा, तुम्ही बसून राहा. निदान एक जण तरी गाडीतून आला असं देवाला वाटू दे."

घरी आल्यावर दत्ता म्हणाला, "आप्पा, बास झालं. गाडी भंगारात देऊ."

"आरं, गाडी चांगली हाय. इंजिन म्हातारं झालंय फकस्त."

"मग काय करता?"

"बैल थकला तर बैल बदलतात. गाडा जाळत न्हाईत."

दत्ता कंपनीत सेफ्टीचं काम बघतो. त्याला सगळ्याची अट घालायची सवय. म्हणाला, "ठीक आहे. इंजिन बदलून घ्या. पण पुढच्या खेपेला तुम्ही, आई, माझे सासू-सासरे, चौघं बसून, एसी लावून, कुणी खाली न उतरता गाडी टेकडीवर गेली पाहिजे. नाही गेली, तर मी भंगारवाल्याला फोन करणार."

मी हो म्हणालो. काय करता? गाडी गेली तर मी दिवसभर घरी बसणार, आणि मंडळी मला लसूण सोलायला लावणार. एवढं सगळं त्या चढावर टांगलं होतं.

पिंपरीला रहीमभाई म्हणून मेकॅनिक आहेत. सज्जन माणूस. त्यांनी त्याच जातीच्या थोरल्या गाडीचं इंजिन शोधून काढलं. म्हणाले, "चाचा, इंजिन मोठं बसवलं की रेडिएटर मोठा लागतो, गिअरबॉक्स त्याच्याच जोडीचा लागतो. आणि ब्रेक पण बदलावे लागतील."

"ब्रेक कशाला? बैल बदलला म्हणून गाड्याची चाकं बदलतो का कुणी?"

"चाचा, तुमच्या शर्यतीत बैल थांबवतं कोण?"

"कुणी न्हाई. पळून पळून आपसूक थांबतात."

"चाकणच्या चौकात असं चालतं का?"

ब्रेक बदलले. दत्तानं आरटीओत जाऊन नव्या इंजिनाची नोंद केली. सगळं रीतसर झालं बघा. जुनं इंजिन एवढं अशक्त होतं की एसी लावला की गाडी जागची हलायची नाही, म्हणून पूर्वी मी त्याची वायरच काढून टाकली होती. रहीमभाईंनी तीही जोडून दिली. मी मात्र एसी लावून बघितला नाही. म्हटलं, पहिला गारवा व्याह्यांनाच.

आता इथून नीट ऐका.

आमच्यात नवा बैल आला की त्याला भंडारा लावतात. खंडोबाची हळद ती. कपाळाला लावायची, पाठीवर उधळायची, मूठ-मूठ. त्याशिवाय तो बैल शर्यतीच्या घाटात उतरत नाही, आणि उतरला तरी आमचा जीव थाऱ्यावर राहत नाही. मग एवढं नवं इंजिन आलं, ते काय तसंच कोरडं जुंपायचं?

पण गाडी देताना रहीमभाईंनी बजावलं होतं. "चाचा, पूजा करा, हार घाला, नारळ फोडा. फक्त इंजिनवर काही टाकू नका."

मी ऐकणारा माणूस आहे. इंजिनावर चिमूटभरसुद्धा टाकलं नाही. पण बॉनेट उघडलं तर पुढच्या काचेच्या बुडाशी मला एक काळी जाळी दिसली. ती काही इंजिन नाही. म्हटलं, देवानंच जागा ठेवली. घेतली मूठ आणि सोडली तिच्यात. भंडारा आत गेला. दिसेनासा झाला. दुसरी मूठ सोडली, तीही गेली.

तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. दारातून आमची मंडळी म्हणाली, "घेतोय की ओ देव."

"घेतोय न्हवं? आण मग पिशवी."

पिशवी रिकामी केली. शेजारच्यांकडून आणखी आणला, तोही गेला. देव जेवत होता आणि आम्ही वाढत होतो. आता मला ठाऊक आहे की त्या जाळीतून बाहेरचा वारा घेतात आणि एसीच्या पंख्यातून आत गाडीत सोडतात. तेव्हा हे सांगायला कुणी नव्हतं.

ठरलेल्या दिवशी व्याही आले. पांढरा शुभ्र सदरा, मिशीला नवा कलप. पुढं माझ्याशेजारी बसले. मागं विहीणबाई आणि आमची मंडळी. गाडी निघाली ती अशी, जणू जुन्या गाडीच्या पोटात कुणी जवान पोरगा बसलाय. व्याह्यांनी वरचा दांडा धरला.

"आप्पा, हळू. दर्शनाला चाललोय, वैकुंठाला नाही."

"इंजिन दम धरत न्हाई, पाव्हणं."

टेकडीच्या पायथ्याला दत्ताची कंपनी आहे. शिफ्ट सुटायची वेळ, फाटकापाशी बसगाड्या लागलेल्या. मला थांबावं लागलं. पुढं चढ दिसत होता. व्याही म्हणाले, "आता एसी लावा. जावयानं तसं ठरवलंय, नंतर तक्रार नको."

मी बटण फिरवलं. पार शेवटपर्यंत.

आधी आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला. मग पुढच्या सगळ्या झरोक्यांतून खंडोबा बाहेर आला. गाडीत इतकं पिवळं झालं की मला माझं स्टिअरिंग दिसेना. डाव्या बाजूनं नुसत्या शिंका ऐकू येत होत्या, त्यावरून व्याही अजून आहेत एवढं कळत होतं. मागून विहीणबाई ओरडल्या, "अहो, जळतंय काहीतरी." आणि आमची मंडळी हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "येळकोट येळकोट जय मल्हार." तिला वाटलं, देव पावला.

मी सगळ्या काचा खाली केल्या. आता तो पिवळा ढग सरळ कंपनीच्या फाटकावर गेला.

फाटकावरचा शिपाई परभणीकडचा. दत्तानंच त्याला शिकवलेलं, की रंगीत धूर दिसला तर विचार करायचा नाही, बटण दाबायचं. त्यानं विचार केला नाही. भोंगा वाजला. अख्खी शिफ्ट बाहेर आली आणि झेंड्याच्या खांबाजवळ रांगा करून उभी राहिली. कँटीनवाल्याच्या हातात डाव तसाच होता. शिपाई लाल नळकांडं घेऊन पळत आला आणि त्यानं आमच्या बॉनेटवर पांढरी भुकटी मारली. थोडी काचेतून आत आली. पिवळे व्याही एका बाजूनं पांढरे झाले.

मग तोंडाला मास्क लावून एक माणूस धावत आला. माझ्या काचेशी वाकून म्हणाला, "घाबरू नका. गॅस कुठून गळतोय?"

"दत्ता, मी हाय."

मास्क हळूच खाली आला. "आप्पा? काय आहे हे?"

"भंडारा हाय रं."

"गाडीत?"

"इंजिनावर टाकू नका म्हणले रहीमभाई. मग जाळीत टाकला."

मागून त्याचे मोठे साहेब आले, परप्रांतातले. दुरूनच विचारलं, "दत्ताजी, कौनसा केमिकल है?"

दत्तानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सासऱ्यांकडं. मग खाली मान घालून म्हणाला, "सर, हल्दी है."

साहेबांनी बोट लावून वास घेतला. मग रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या शिफ्टकडं बघितलं आणि कौतुकानं म्हणाले, "ड्रिल में तो कोई इतनी जल्दी नहीं निकलता."

सगळे हसले. दत्ता सोडून.

व्याही खाली उतरले. विहीणबाई उतरल्या. मी म्हणालो, "पाव्हणं, बसा की. चढ अजून बाकी हाय." व्याह्यांनी रिक्षाला हात केला. त्या रिक्षात आमची मंडळीही बसली. लग्नाची बायको, पण वेळेला व्याह्यांकडची झाली.

मी काच पुसली, चावी फिरवली. इंजिन एका हाकेला उठलं. राव, काय चढली गाडी! एकदाही दम लागला नाही. एसी चालू होता, उरलासुरला भंडारा उडत होता, मी शिंकत होतो, पण वर पोचलो. देवळापाशी गाडी लावून छाती काढून उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं रिक्षा आली. व्याही कान झटकत उतरले.

"चढली," मी म्हणालो.

"एकटेच होता ना गाडीत?"

"व्हय."

"एकटे तर तुम्ही दर रविवारी येतच होता की हिच्यातून. जुन्याच इंजिनावर."

आता हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझा चेहरा बघून व्याह्यांनाच दया आली असावी. त्यांनी फोन काढून दत्ताला लावला, मला ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"जावईबापू, गाडी भंगारात देऊ नका. इंजिनात काही खोट नाही, मी पायथ्यापर्यंत बसलोय. त्या रहीमभाईंना फक्त एवढं विचारा, ड्रायव्हर बदलून मिळतो का."

तिकडून दत्ताचा थकलेला आवाज आला. "विचारलं मघाशीच. ते म्हणाले, इतक्या जुन्या मॉडेलचं आता काही मिळत नाही."