भाऊंच्या रेषेतली कोरी जागा

ऐक गं शीतल, समज माझ्याजवळच बसलीस. पुण्याहून फोनवर पटकन म्हणालीस, "मावशी, भाऊंच्या आलेखातली कोरी वर्षं मी नेटवरून भरून टाकते." असं भरून टाकते म्हणतात का, बाई? आधी माणूस तर ऐकून घे.

सदाशिवभाऊ आमचे शेजारी, मंगरूळपीरच्या पोस्टातून निवृत्त झालेले. सकाळी चहावर साय धरायची आणि हे पेपरातलं शेअर बाजाराचं पान घेऊन पेन्सिलीनं खुणा करत बसलेले. आज किती कंपन्या चढल्या, किती पडल्या, हे मोजायचं. चढलेल्यांतून पडलेल्या वजा करायच्या. उरेल त्याचं आलेखाच्या कागदावर टिंब, टिंबाला टिंब जोडून रेष. कागदाला कागद चिकटवून गुंडाळी एवढी लांब झाली की उलगडली तर बैठकीतून स्वयंपाकघरात जायची. स्वतः मात्र एक शेअर घेतला नाही.

"मंग कायले डोळे फोडता, भाऊ?" मी विचारायची.

"बाई, बातम्यावाले सांगतात बाजार वर गेला. दोन घरांवर माडी चढली म्हनजे गाव सुधरलं का? मी घरोघर पाहून राह्यलो."

त्या रेषेत मधेच वीतभर कोरा कागद होता. विमलवहिनींना नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हाची ती वर्षं. वहिनी गेल्या, भाऊ परत आले, रेष पुढे सुरू झाली. पुढे डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. मग भाऊंना एकच ध्यास लागला, दिसतंय तोवर रेष जोडायची.

रिसोडला एका अडत्याकडे त्या वर्षांचे पेपर आहेत असं कळलं. एसटीची पाटी त्यांना वाचता येईना, म्हणून मी सोबत. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. अडत्यानं मोठ्या कौतुकानं पोतं काढलं. भल्या माणसानं सोयाबीनचे भाव तेवढे कापून ठेवले होते आणि बाकी पेपर रद्दीत घातला होता. कात्रण उलटं केलं की मागं शेअरची यादी, पण अर्धीच.

"अर्धी तं अर्धी, घ्या," मी म्हटलं. दमले होते मी.

"अर्धं गाव मोजून गाव कसं सांगू, बाई?" त्यांनी पोतं बांधून परत दिलं. रिकाम्या हातानं आम्ही परतीची एसटी धरली.

मग त्यांचा अमोल आला, लॅपटॉप घेऊन. बापासाठी रजा काढून आला होता बिचारा. "बाबा, सगळी वर्षं सापडली. सांगा, कुठून भरू?"

भाऊंचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. मग म्हणाले, "थे सुताची कंपनी दाखव बरं. रोज पडे थे."

अमोलनं शोधलं. नव्हती. "बंद पडली ना ती, बाबा. आज ज्या चालू हायेत त्याईचेच जुने भाव हायेत इथं."

"म्हनजे मेलेले काढून टाकले. पडनारे काढले तं तवाचा बाजार चांगलाच दिसन ना, बापा."

"थोडासा फरक पडन. कोनाले समजते?"

"मले समजते ना."

अमोल न जेवता उठला. मलाही भाऊंचा राग आला. दुसऱ्या दिवशी बाप त्याला दशम्या बांधून देऊन स्टँडवर सोडायला गेला, पण कागद कोराच राहिला.

भाऊंची नजर गेल्यावर मी पान वाचायची, ते बोटांवर हिशेब ठेवायचे आणि टिंब मी काढायची. कधीकधी गुंडाळी मांडीवर घेऊन त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवायचे. कागद जिथं गुळगुळीत लागे, तिथं पेन्सिल फिरलेली नाही हे त्यांच्या बोटांना कळायचं. एकदा विचारलं, "अजून खंत वाटते का, भाऊ?"

"नाई. इथं मी तिच्यापाशी होतो," म्हणाले. "खोटं कायले भरू?"

उन्हाळ्यात भाऊ गेले. अमोलनं गुंडाळी माझ्याकडे आणून दिली. तू बाकीचं सगळं कॉम्प्युटरवर चढव, तेवढं मात्र कोरं राहू दे. आणि ये गं लवकर. मला एकटीला ती उलगडत नाही, दुसरं टोक धरायला कोणी लागतं.