उन्हात राहिलेली बाटली

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काचवाले काका म्हणत. कळी चिरून तिच्यातलं मोहरीहून बारीक बीजांड काढायचं, रंगवायचं आणि काचपट्टीवर बसवायचं, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. हात असा की मोठे प्राध्यापकही गप्प बसून बघत. काकांना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं ते फारसं लपवतही नसत. कुणाची पट्टी बिघडली की म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं."

तिथे संशोधन करणारी एक मुलगी तीन वर्षं तीन झाडांमागे लागली होती. वाफ्यात आपोआप निपजलेली ही झाडं फुलायची, पण बी धरायची नाहीत. बीजांडात जी पेशी पुढे बीजाची आई होते, तिच्याभोवती काही दिवस कॅलोजची भिंत उभी राहते. कॅलोज म्हणजे साखरेच्याच लांब साखळ्या. निळ्या रंगात भिजवल्या की त्या सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात. निरोगी झाडाच्या पट्ट्या सोमवारी चमकल्या. वांझ झाडांच्या शुक्रवारी काळ्याठिक्कर निघाल्या. भिंतच नाही, म्हणजे वांझपणाचं कारण सापडलं म्हटल्यावर मुलीला आकाश ठेंगणं झालं.

पुढच्या मंगळवारी काकांना रंगाची बाटली खिडकीत दिसली. सोमवारच्या कामानंतर तारीख वाचायला बाटलीचा काळा कागद त्यांनीच सोडला होता आणि परत गुंडाळलाच नव्हता. हा रंग उन्हात मरतो, हे ते नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दरडावून सांगत. वांझ झाडाची प्रयोगशाळेत उरलेली एकच कळी त्यांनी ताज्या रंगात घातली. भिंत लख्ख चमकली. काकांचे कान तापले. त्यांनी ती पट्टी धुऊन टाकली.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मुलगी हसत आली. "काका, हे तुमच्या हातामुळे झालं." मग त्यांची जीभ उचलेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावत त्यांनी दिवस ढकलले. घरी बायको म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा हाक मारतेय." त्यांना स्वतःची किळस येत होती.

मुलगी लेख पाठवणार त्या सकाळी ते तिच्या टेबलापाशी गेले आणि उभ्याउभ्या बाटलीचं आणि चमकलेल्या भिंतीचं सांगून टाकलं.

"नव्या कळ्या आणतो. आजच रंगवतो," ते म्हणाले.

"कुठून आणणार? काम संपलं म्हणून परवा मीच झाडं उपटून वाफा मोकळा करायला सांगितला."

"थोडं बी तरी..."

"वांझ झाडाचं बी कुठलं, काका?"

मग मुलीनेच विचारलं:

"ती चमकलेली पट्टी तरी आहे?"

"धुतली."

"कधी कळलं तुम्हाला?"

"अकरा दिवस झाले."

म्हणजे काकांना कळल्यावरही झाडं नऊ दिवस कळ्यांसकट उभी होती. हा हिशोब तिने तोंडाने केला नाही. ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिने लेखाची पानं पालथी घालून ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. काका उभेच राहिले. तिने बसा म्हटलं नाही.