समासातली अक्षरं

सर गेले त्याला तीन महिने होतील. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला काम त्यांनीच शिकवलं, आणि निवृत्त होताना किल्ल्यांचा जुडगाही माझ्याच हातात दिला.

निजामाच्या काळातल्या निकालांचे उर्दू खंड आमच्याकडे होते. ते वाचता येणारे आमच्यात सर एकटेच. बारीक पेन्सिलीनं पानापानाच्या समासात मराठी अर्थ लिहीत त्यांची सगळी नोकरी गेली. इनाम जमिनींचे खटले चालवणारे वकील निकालापेक्षा तो समास वाचायलाच यायचे.

डिजिटायझेशनचं काम माझ्याकडे आलं. पानं स्कॅनरमधून भराभर जावीत म्हणून खंडांच्या पाठी कापून ती सुटी केली. तपासणी समितीला स्वच्छ पानं हवी होती, म्हणून डाग काढायची सोय चालू ठेवली. स्कॅनरनं पाण्याचे डाग पुसले, तशी पेन्सिलही पुसली. पहिल्याच खंडात ते माझ्या लक्षात आलं. मुदत जवळ आली होती. मी काम थांबवलं नाही. सुटी पानं रद्दीत गेली.

उद्घाटनाला सर पैठणहून एसटीनं आले. पडद्यावर पान उघडलं. ते खुर्चीतून उठून जवळ गेले आणि लिहिलेलं कुठंय म्हणून विचारू लागले.

प्राचार्य म्हणाले, "सर, पुस्तकांवर लिहू नये, ही पाटी तुम्हीच लावली होती ना?"

सगळे हसले. मीही हसले.

सरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

"मशीननं केलं, सर."

आठवड्यानं ते अर्ज घेऊन आले. रोज दोन तास संगणकापुढे बसू द्यावं, अर्थ पुन्हा लिहून देईन, असं त्यात होतं. प्राचार्यांनी निर्णय माझ्यावर सोडला. सर रोज माझ्यासमोर बसणार, हे मला सोसलं नसतं. 'बाहेरील व्यक्तीस परवानगी नाही' असा शेरा मारून मी सही केली.

परवा त्यांची मुलगी आली. बाबांच्या हातचं एखादं पान मिळेल का, म्हणाली. घरी त्यांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या फायलीत तेवढा तो अर्ज होता. काही नाही म्हणून सांगितलं. खंड मेलवर पाठवते म्हणाले, आणि सगळे पाठवले.

तिचं उत्तर आलं: 'आभारी आहे. उर्दू आमच्यात कुणाला येत नाही, पण जपून ठेवू.'