वायरीत गेलं असेल

"गेलं कुठी मंग?"

हे विचारताना बाई उजवा तळहात टेबलावर सपाट ठेवायच्या, जणू टेबलालाच विचारताहेत. आमच्या हडपसरच्या कंपनीत दुपारचा चहा मोठ्या थर्मासमधून यायचा आणि त्यांच्या टेबलापाशी पोचेपर्यंत संपत यायचा. आम्ही सगळे चहावाल्याला नावं ठेवून गप्प बसायचो. बाई नव्या नव्या होत्या तेव्हाच एकदा थर्मासच्या मागे जिना उतरून गेल्या. झाकणाचं रबर गेलं होतं, प्रत्येक पायरीवर चहा सांडला होता. "चहा हवेत जात नसते, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "कुठीतरी सांडतेच."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याला सगळे हसतात आणि काम अडलं की त्याच्याकडेच जातात.

बाई वाशीमकडच्या. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली तरी तोंडचा 'मंग' सुटला नव्हता. स्टेपलर सापडेना की आमची तरुण मंडळी नक्कल करायची, "गेला कुठी मंग?" बाईही हसायच्या. मला मात्र राग यायचा. स्वतः पुण्याचा आहे म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या मराठीला हसण्याची आमची हौस काही केल्या फिटत नाही.

मी खरेदी विभागात. बाईंचं काम मला त्यांनीच डबा खाता खाता समजावलं, जवसाची चटणी माझ्या पोळीवर वाढत. मोबाइलमध्ये तिळाएवढी एक स्फटिकाची चकती असते. हवेतून आलेला सिग्नल तिच्यावर बारीक थरथर होऊन लाटेसारखा सरकतो आणि पलीकडे पुन्हा वीज होतो. आपल्या कामाचा तेवढा सिग्नल घ्यायचा, बाकीचा गोंगाट बाहेर ठेवायचा, हे तिचं काम. पण वाटेत ती लाट कडेने सांडते, खाली झिरपते. ते सांडणं कमी करायला बाईंना नेमलं होतं. चकतीवर धातूचे कंगव्यासारखे दात असतात, त्या दातांची टोकं किती रुंद करायची यावर त्या दिवसदिवस बसायच्या. "काठ जड असला की पदर उडत नाही, तसं," असं त्या मला सांगायच्या. मला साडीतलं काय कळतंय डोंबल, पण पटायचं.

आमची चकती स्वस्तातल्या एका फोनमध्ये बसणार होती. बाईंचा सगळा जीव त्या फोनात. त्यांची आई गावी स्लॅबवर चढून, पाण्याच्या टाकीला टेकून लेकीला फोन करायची. गुडघे दुखत असायचे तरी. "तिथी आधीच चिमूटभर सिग्नल येते," बाई म्हणायच्या. "त्यातलं आपणच सांडवलं तर आई ऐकणार काय?"

चकत्या बनून आल्या, मोजल्या. हवा त्यापेक्षा जास्त सिग्नल हरवत होता. बैठकीला खरेदीकडून मीही होतो. बाई म्हणाल्या, टोकं थोडी बदलू, आणखी एकदा बनवून घेऊ, जमेल. आमच्या साहेबांना फोनवाल्यांना माल द्यायची तारीख गाठायची होती. त्यांनी पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "वायरीत गेलं असेल."

आता हे नीट ऐका. मोजायच्या यंत्रापासून चकतीपर्यंत वायर असते. तिच्यातही थोडं हरवतं, ते आधीच मोजून वजा करतात. बाईंनी ते केलं होतं. साहेबांना तेच पुन्हा एकदा वजा करून हवं होतं. दोनदा वजा केलं की चकती कशी झकास दिसते.

"वायरीचं काढलंय, सर."

"मग अजून थोडं काढा. वायर जुनी झाली असेल."

"अन् खरं जे हरवून राहिलं, ते गेलं कुठी मंग?"

सगळे हसले. साहेबही हसले, आणि माझ्याकडे वळले. "अहो, वायर साधीच घेतली होतीत ना तुम्ही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या वायरीसाठी मी याच साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळलो होतो. "आपणच मंजूर केली होतीत, सर," मी म्हणालो. "बाजारातली उत्तम वायर आहे. तिला तोंड नाही म्हणून तिच्यावर खापर फोडू नका." कुणी हसलं नाही. जो तो आपापल्या वहीत बघू लागला. इतकी शिकलेली माणसं, आणि एकाच्याही घशातून आवाज निघू नये?

बाईंकडून काम काढून घेतलं. टीमशी जुळवून घेत नाहीत म्हणे. आकडा जुळवून द्यायला नाही म्हणाल्या, एवढाच त्यांचा गुन्हा. दुसऱ्या कुणीतरी दोनदा वजा केलं आणि पेढे वाटले गेले. मी माझा पेढा तसाच ठेवून दिला.

बाई राजीनामा देऊन गावाकडे गेल्या. जायच्या दिवशी माझ्या टेबलावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. या वेळी काही विचारलं नाही. मला ते फार लागलं.

दिवाळीला कंपनीने सगळ्यांना आमची चकती बसवलेला तोच फोन भेट दिला. भाऊबीजेला मी लोणी काळभोरला बहिणीकडे होतो. मळ्यात गेलो आणि बांधावरून त्या फोनवर पहिला नंबर बाईंचा लावला. त्या आता वाशीमला कॉलेजात शिकवतात. माझा आवाज ऐकून खूश झाल्या.

"आईनं तोच फोन घेतला, भाऊ. मी नको म्हणत होती, स्वस्त भेटला म्हणे. अजून टाकीपाशीच..."

"मॅडम? ऐकू येतंय का?"

"भाऊ... आवाज तुमचा... गेला कुठी..."

फोन तुटला. मी तो कानाला तसाच धरून उभा राहिलो. चहूकडे ऊस होता, वर मोकळं आभाळ होतं. त्यांच्या-माझ्यामध्ये कुठेही वायर नव्हती.