सुंदर मोहिते आणि चार जोडप्रोग्रॅम

१३ ऑक्टोबर १९९७, सोमवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. बोम्मसंद्र्यातील आमच्या कारखान्यात संगणकाची खिडकी त्या वेळी प्रथम कोसळली. फाईली दाखवणारी खिडकी. साच्यांच्या आराखड्यांचा फोल्डर उघडला की ती क्षणभर गोठे आणि मिटून जाई. त्या दिवशी मी एका माणसावर हात उचलला. तो माणूस, सुंदर मोहिते, आता तीन आठवड्यांपूर्वी होसूर रोडवर लॉरीखाली गेला. त्याच्याविषयी लिहायचे तर मला त्या दिवसाविषयीच लिहिले पाहिजे.

सुंदर आमचा ड्राफ्ट्समन. घराणे कैक पिढ्यांपासून बेंगळुरात. त्याच्या मराठीत कन्नड मिसळलेले. मी व्यवस्थापक, पुण्याहून आलेला. मला तो अण्णा म्हणे. संगणकाला आम्ही दोघेच हात लावत असू. महिनाअखेर नोकरी सोडून तो एका सॉफ्टवेअर कंपनीत जाणार होता, आणि फोरमन चंद्रप्पाला ते खुपत होते.

आराखडा उघडेना, म्हणून चंद्रप्पाने कपाटातला जुना कागद काढला आणि त्याबरहुकूम साचा प्रेसवर बसवला. साचा नंतर बदलला होता. कागद बदललेला नव्हता. अकराच्या सुमारास प्रेसचा घाव बसला आणि साचा फुटला. पोलादाची कपची प्रेस चालवणाऱ्या मुनिराजूच्या गालातून आरपार गेली. तो दात थुंकत खाली बसला. रक्त भिंतीपर्यंत उडाले होते... त्याला टेम्पोत घालून इस्पितळात पाठवले, आणि मग सगळा कारखाना सुंदरकडे वळला.

"जाता जाता फाईली पुसल्यास काय रे?" चंद्रप्पा ओरडला. "होडीरी अवन्ना!" मारा त्याला. त्यांनी सुंदरला खुर्चीसकट खाली ओढले. लाथा, बुक्के, एकाच्या हातात पाना. मी गर्दीत घुसलो तो त्याला सोडवायला, असे पुष्कळांना वाटले असेल. मी त्याची कॉलर धरली आणि थोबाडीत दिली. त्याचा ओठ फाटला.

"कुठे आहेत आराखडे?"

"आतच आहेत, अण्णा. मारून झालं असेल तर स्वल्प बसू द्या, दाखवतो."

"चारपर्यंत दाखव. नाहीतर पोलिसांत देतो."

"सरी, चालेल. चंद्रप्पांनाही बसवा शेजारी. मागाहून म्हणायला नको, सुंदरने जादू केली."

त्याने खिडकीला बगल दिली. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली. साऱ्या फाईलींची नावे ओळीने उतरली. चंद्रप्पा वाकून वाचू लागला. "अरे, हे तर सगळं आहे!"

"आहेच की. पुसलं कुणी नाही. दाखवणारा आंधळा झालाय."

बाहेरच्या कंपन्यांचे चार जोडप्रोग्रॅम त्या खिडकीला येऊन चिकटले होते. एक फाईली दाबून लहान करणारा, एक व्हायरस शोधणारा, एक मजकूर दाखवणारा, एक आराखड्याचे छोटे चित्र दाखवणारा. फोल्डर उघडताना खिडकी चौघांनाही हाक मारी. एक जरी अडखळला तरी ती त्याच्यासह पडे. सुंदरने चौघांच्या फाईलींची नावे बदलली, म्हणजे हाक पोचणार नाही, आणि संगणक पुन्हा चालू केला. फोल्डर उघडला.

"घातले कोणी हे?" चंद्रप्पाने विचारले.

फाईलींपुढे तारीख आणि वेळ होती. शुक्रवार, आयुधपूजेची सकाळ. त्या दिवशी यंत्राला कुंकू लावतात, फाटकाशी कोहळा फोडतात, आणि कोणी यंत्र चालवत नाही. मी मात्र मुहूर्ताला काही नवे व्हावे म्हणून, सगळे कोहळ्यापाशी असताना, एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून चारही एका बैठकीत घातले होते. एकही तपासला नव्हता.

सुंदरने वेळ वाचली, माझ्याकडे पाहिले आणि हलकेच म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगता?"

मी सांगितले. प्रेसजवळ, सर्वांसमोर, कन्नडमध्ये. रक्त अजून पुसलेले नव्हते. पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज तेवढा आला. "बिडी सार," चंद्रप्पा म्हणाला, जाऊ द्या साहेब. मला कोणी बोट लावले नाही.

"बघा," सुंदर म्हणाला, "तुमच्या वेळी कुणालाच घाई नाही."

मी क्षमा मागितली नाही. मागायला हवी होती. पुढे दोन वर्षे तो दसऱ्याला घरी येत राहिला, आणि मी दोन्ही वेळा हवापाण्याविषयी बोललो.

त्या दुपारी मी एवढेच म्हणालो, "फोल्डर उघडला ना? मग घरी जा."

"चौघांतला कोणता, ते कुठे कळलंय?"

ओठावर रुमाल दाबून तो परत बसला. एकाचे नाव पूर्ववत करायचे, संगणक पुन्हा चालू करायचा, फोल्डर उघडायचा, मग दुसरा. चित्र दाखवणाऱ्याची पाळी आली तेव्हा खिडकी कोसळली. तो प्रोग्रॅम सुंदरने काढून टाकला. मग उरलेले तीन एकत्र चालू ठेवून आराखड्यांचा फोल्डर पुन्हा उघडून पाहिला, मुनिराजूच्या प्रेसचा नवा आराखडा छापून चंद्रप्पाच्या हातात दिला, आणि कपाटातला जुना कागद फाडून टाकला.