मॅडम म्हणल्या, एकच भाकरी

दवाखान्यात नंबर लवकर लागत असता तर ह्यातले निम्मे किस्से माझ्याजवळ साठलेच नसते! पण अंबाजोगाईला आमच्या शुगरच्या डॉक्टरकडं गर्दी अशी, की सकाळी गेलेलं माणूस दुपारी आत जातं. तोवर बाहेरच्या बाकड्यावर आमी तिघी. मी, मंगल आन नूरजहाँ आपा. शुगर आमच्या नवऱ्यांना, पण जळतोय आमचा जीव! कुणावर? आतल्या खोलीतल्या डाएटच्या मॅडमवर.

पंचविशीतली पोरगी. चष्मा, बारकी अंगलट, बोलणं लई गोड. आमच्या नवऱ्यांनी काय खायचं, किती खायचं, ते ती ठरवणार. आन आमी नुसतं रांधायचं!

*

पहिली भेट सांगते. आमच्या मालकांच्या पायाच्या बोटाला चप्पल लागलेली. एवढीशी जखम, पण भरंचना. डॉक्टर सरळ म्हणाले, "शुगर उतरली नाही तर बोट काढावं लागेल."

तिथनं आमाला मॅडमकडं धाडलं. मॅडमनी विचारलं, "काका, एका जेवणाला भाकरी किती?"

"तीन."

"आणि भात?"

"भात तर शेवटी असतोच की!"

"काका, भाकरी काय, भात काय, दोन्हींनी शुगर वाढतेच. एका वेळी एकच भाकरी. भात खायचा असेल त्या वेळी भाकरी नाही, वाटीभर भात. बाकी पोट भाजीनं, वरणानं, काकडीनं भरायचं."

मी डोळेच मिटले. आता हे उठून चालायला लागणार! कारण भात कमी करा म्हणून मी किती वरसं कानीकपाळी ओरडले, तर ह्यांचं एकच, "माझ्या ताटात बघू नको!"

आन मॅडमला काय म्हणाले? "बरं मॅडम."

बरं मॅडम! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

*

आपांची तर तऱ्हाच न्यारी. त्यांचे मियाँ मॅडमकडं जायचं म्हणलं की आदल्या दिवशी दाढीला मेंदी लावायचे. कडक इस्त्रीचा शर्ट. अत्तर असं, की सगळ्या बाकड्याला वास!

आपा कपाळावर हात मारून म्हणाल्या, "निकाह के दिन बी इत्ता अत्तर नै लगाए थे इनो!"

मी म्हणलं, "आपा, तिथं वजन करत्यात, वास घेत न्हाईत."

"मालूम है मुझे. इनकू कौन समझाएगा?"

*

मंगलच्या नवऱ्यानं तर कमालच केली. मॅडमनी भाकरी-भाताचं माप दिल्यावर त्या गड्यानं दोन्ही बंदच केलं आन रोज साबुदाण्याची खिचडी चालू! सोबत भगर, वरून बटाट्याची भाजी. मंगलनं टोकलं तर म्हणतो कसा, "उपासाचं हाय ते. देवाच्या खाण्यात शुगर कुठनं येती?"

पुढच्या तपासणीला आकडा बघून मॅडमनी खडसावलं, "दादा, साबुदाणा भाकरीपेक्षा बरा, असं सांगितलं कुणी?" गडी मान खाली घालून उभा!

मंगल बाहेर येऊन रडकुंडीला आलती. म्हणाली, "ताई, हेच मी म्हणलं असतं ना, तर ताट भिंतीवर गेलं असतं!"

*

माझ्या घरात मात्र निराळंच शिजत होतं. मॅडमनी विचारलेलं, "काका, भाकरी केवढी असते?" ह्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. खोटं न्हाई, माझी भाकरी तवा झाकती. मॅडमनी टेबलावरची बशी उचलली. "एवढी."

तवापासनं हे जेवायला बसले की भाकरीवर बशी ठेवणार, कडंचं मोडून बाजूला काढणार, मग खाणार. माझ्या भाकरीला माप! सासूनं कधी नाव ठेवलं न्हाई माझ्या भाकरीला. मी एक दिवस बशीच लपवली. तर ह्यांनी शेजारनं मागून आणली!

*

एकदा नारायणगडावर परसादाच्या पंगतीला बसलतो. वाढपी बुंदी घेऊन आला, तर ह्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"घ्या की, परसाद हाय!"

"चार दाणे ठेव. मॅडमनी सांगितलंय."

"कोण मॅडम?"

अख्खी पंगत माझ्याकडं बघायला लागली. पलीकडनं एक भावजी हसत म्हणाले, "वहिनी, दुसरी आणली का काय घरात?" मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आन ह्यांचं चालूच: भात, बटाटा, पुरी सगळी एकाच घरची माणसं, सगळी एकदम बोलवायची न्हाईत. मॅडमचं वाक्य, जसंच्या तसं!

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "मी सांगितलेलं कावून पटत न्हाई तुमाला?"

हे शांतपणे म्हणाले, "तू कधी किती ते सांगितलंस? कमी खा म्हणती, आन मी पाणी प्यायला तोंड वळवलं की ताटात भाकरी टाकती!"

खरं बोलले, म्हणून जास्तच झोंबलं. आवो, पण जखम रोज मी धुते. बोट काळं पडलंय का ते बी मीच बघते. जीव माझा टांगणीला, आन गुण सगळा मॅडमचा! जळणार न्हाई तर काय करणार बाई?

*

आन मग जखम भरली. डॉक्टरांनी बोट दाबून बघितलं आन म्हणाले, "वाचलं काका तुमचं बोट." मी तिथंच पदर डोळ्याला लावला. पदर खाली करते तर हे कुठं? पेढे आणायला गेलते. मॅडमसाठी! मला आजवर ह्या माणसानं साधी शेवेची पुडी आणली न्हाई. मी बी म्हणलं, चला, बघतेच आज.

आत गेलो तर मॅडम जेवायला बसायच्या बेतात. समोर मेसचा डबा. कडक झालेल्या चपात्या, पाणीदार भाजी. त्यांनी पर्समधनं पेनासारखं काहीतरी काढलं, कुर्ता जरासा सारला आन पोटाला टोचलं.

मी दचकले. "काय झालं मॅडम?"

"काही नाही काकू. मला शाळेत असल्यापासून शुगर आहे."

हे पेढ्याचा पुडा मागं लपवायला लागले. मॅडम हसल्या. "द्या काका. अर्धा खाईन. त्याचं पण मोजून टोचते."

"म्हणजे पोरी, तुला बी भाकरीचं माप हाय?" माझ्या तोंडनं मॅडम निघालंच न्हाई.

"माझं जरा वेगळं आहे काकू. मी काय खाणार ते आधी मोजायचं, तेवढ्याचं इन्सुलिन घ्यायचं. काकांचं शरीर वेगळं, औषध वेगळं. एकाचं माप दुसऱ्याला नाही चालत."

"आन घरी रांधतं कोण?"

"एकटीच राहते. मेस आहे ना."

मी त्या डब्याकडं बघितलं. शाळेतल्या वयापासनं घासघास मोजणारी पोरगी, आन हे असलं मोजून खायचं! म्हणलं, "मंगळवारी आमाला यायचंच हाय. डबा आणू नको."

मंगळवारी पहाटं उठले. बशीएवढ्या दोन भाकरी केल्या, तिनंच फोनवर सांगितल्या तेवढ्या. मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, मटकी. फडक्यात गाठ बांधली. मग ह्यांचं ताट वाढलं.

हे एकदा ताटाकडं बघायले, एकदा गाठोड्याकडं. मग ताट सरकवलं.

"तिला दोन? आन मला एकच कावून?"